दादा, त्या पट्ट्याच्या टाक्यांसाठी

दादांना नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच म्हणालात, "नाव कायले टाकता ताई?" म्हणून नाव नाही. कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत ज्यांनी तुमच्याकडून कधी फवारणीचा पंप, डिझेल इंजिन किंवा गवत कापायचं ब्रश कटर दुरुस्त करून घेतलं असेल, ते ओळखतीलच.

पोळ्याच्या आठ दिवस आधी मी तुमच्याकडे आले होते. ऑटोतून ते लांबलचक ब्रश कटर बाहेर काढताना माझी त्रेधा उडाली होती. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं, आणि ते ऑटोमुळे नव्हतं. त्या मशीनपायी मी दोन महिने जे ऐकून घेतलं होतं, ते सगळं घशाशी आलं होतं.

काटोलच्या अलीकडे आमचं दोन एकर वावर आहे. त्यात संत्र्याचा बगीचा, सहा बाय सहा मीटरवर, दोनशेच्या वर झाडं. आमच्या ह्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बगीचा मी बघते. आठवड्यातून दोनदा नागपूरहून एसटीने जाते. पावसाळ्यात तिथे गवत कसं माजतं ते तुम्हाला सांगायला नको. तरोटा, आघाडा, गाजरगवत, खाली लव्हाळा. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर सगळ्यांना एकाच आठवड्यात हव्या असतात. नांगर, रोटाव्हेटर झाडाजवळ घालायचा नाही, कारण संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. तणनाशक मला मारायचं नव्हतं. म्हणून ब्रश कटर घेतलं.

घेतलं म्हणजे दुकानदाराने गळ्यात मारलं. "मॅडम, ५२ सीसी आहे, याच्यापुढे काहीच नाही." जास्त सीसी म्हणजे जास्त चांगलं, एवढंच त्याने सांगितलं. वजन किती, सुटे भाग नागपुरात मिळतात का, चालवणार कोण, यातलं त्याने काहीही विचारलं नाही. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं विचारलं तर म्हणाला, "टाकून द्या अंदाजाने, तेल जास्त झालं तर इंजिनाला चांगलंच." मी त्याचं ऐकलं. लिटरला चाळीस मिली लागतं तिथे मी ऐंशी-नव्वद घालत राहिले, इंजिन जपायचं म्हणून.

दुसऱ्या पावसाळ्यात मशीन रुसलं. दोरी ओढली की सुरू व्हायचं, हळू चालायचं, पण रेस दिली की बसायचं. पहिल्या मेकॅनिकने कार्बोरेटर बदलला. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्याने मशीन तीन आठवडे ठेवून घेतलं आणि पिस्टन गेलं म्हणाला, चार हजार आठशे सांगितले. काय बिघडलं ते दाखवा म्हटलं तर माझ्याकडे न बघता बोलला, "तुम्हाला नाही समजणार मॅडम, साहेबांना पाठवा." साहेब घरी पाठीवर पडलेले. दोन्ही ठिकाणी मी सांगत होते की मशीन मीच चालवते. दोघांनाही ते ऐकूच गेलं नाही. या दोघांना मला शिव्या द्यायच्या नाहीत. पण माझा एक अख्खा हंगाम त्यांनी खाल्ला, आणि त्याचं त्यांना काहीही वाटलं नाही, हे मी विसरणार नाही.

तुम्ही मशीनला हात लावायच्या आधी मला विचारलं, "ताई, कोन चालवते हे?"

मी म्हटलं, मी.

"मंग तुमीच सांगा, बंद पडताना आवाज कसा येते?"

दादा, दोन महिन्यांत मला मशीनबद्दल कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी सांगितलं, दम लागल्यासारखा येतो. तुम्ही मान हलवली, प्लग काढला. काळा, तेलकट. मग सायलेन्सर खोलला आणि त्याच्या तोंडाची ती नखाएवढी जाळी चिमट्यात धरून माझ्यासमोर उजेडाकडे केली. एकाही भोकातून उजेड येत नव्हता. तव्याच्या बुडासारखी काजळी. "बाहेर सोडताच येत नाही त्याले, तर आत घेईन कसं?" पिस्टन तुम्ही सायलेन्सरच्या भोकातूनच टॉर्च मारून मला दाखवलं. कुठे उभा ओरखडा नव्हता. चार हजार आठशेचं पिस्टन!

जाळी तुम्ही गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत धरली, थंड करून पितळी ब्रशने घासली, आणि पुन्हा उजेडाकडे धरून माझ्या हातात दिली. तेव्हा तिच्यातून समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती. दीडशे रुपये घेतलेत. त्याच दिवशी मला नवं मशीन विकता आलं असतं तुम्हाला, मी घेतलंही असतं, इतकी मी कंटाळले होते.

पण हे पत्र जाळीसाठी नाही.

मशीन सुरू झालं, मी पैसे काढले, तर तुम्ही म्हणालात, "थांबा, खांद्यावर घेऊन दाखवा." मी पट्टा चढवला. तुम्ही चार पावलं मागे जाऊन बघत राहिलात. पट्टा शेवटच्या बकलपर्यंत ओढलेला होता, तरी खालचं, कापायची दोरी फिरवणारं हेड जमिनीला टेकत होतं आणि मी उजवा खांदा उचलून ते तोलत होते. मला तशीच सवय झाली होती. तुम्ही विचारलं, "झाडाच्या सालीले लागते का कधी?"

मी गप्प झाले. कारण लागत होतं. गेल्या वर्षी अकरा लहान झाडांच्या बुंध्याची साल गवत कापणाऱ्या नायलॉनच्या दोरीने सोलली गेली होती. पुढे त्या जखमांतून डिंक वाहायला लागला, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावूनही त्यातली चार झाडं डिंक्याने गेली. ते मी घरीही नीट सांगितलं नव्हतं. माझ्यात ताकद नाही, हे बाईचं काम नाही, असं मीच स्वतःला सांगून मोकळी झाले होते.

तुम्ही म्हणालात, "ताकदीचा काही संबंध नाही जी. पट्टा तुमच्या मापाचा नाही."

मग तुम्ही चष्मा लावला, खोक्यातून जाड सुई आणि मेण लावलेला लाल दोरा काढला, पट्टा चार बोटं कापला, कापलेली कड लायटरने वितळवून दाबली, आणि स्टुलावर बसून टाके घातले. जळलेल्या नायलॉनचा तो वास मला अजून येतो. गिऱ्हाईक येऊन उभं होतं, तुम्ही त्याला हाताने थांब म्हटलंत. एक टाका तिरपा गेला तो उसवून पुन्हा घातलात. मग नळीवरची कडी सैल करून दोन बोटं पुढे सरकवली, पुन्हा माझ्या खांद्यावर चढवलं, आणि मशीन हात न लावता माझ्या कमरेजवळ तरंगलं. हेड गवताच्या उंचीवर, आडवं, स्थिर. मी हात सोडून उभी होते आणि ते पडत नव्हतं.

दादा, तेव्हा मी काही बोलले नाही, कारण बोलता आलं नसतं. दोन वर्षं मी दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचं यंत्र ओढत होते आणि दोष स्वतःला देत होते. तुमच्या वीस मिनिटांनी ते संपलं. त्या शिवणकामाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "शिवलं तर काय झालं" म्हणालात.

त्या दिवशी सांगितलेलं सगळं मी पाळते आहे. औषधाच्या दुकानातून वीस मिलीची सिरिंज आणली, सुईशिवाय. जुन्या मशीनच्या पेट्रोलमध्ये तेल तिनेच मोजून घालते, लिटरला दोन सिरिंज, डबा हलवते. पेट्रोल आठवड्यापुरतंच आणते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि टाकीत पडून राहिलं की पाणी खाली बसतं, कार्बोरेटरचा पडदा कडक होतो. म्हणून काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवते. हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवते. नायलॉनची दोरी आदल्या रात्री बादलीत भिजत घालते. सासूबाईंना आधी वाटलं मी कडधान्य भिजत घातलंय. भिजलेली दोरी खरंच कमी तुटते. आणि बुंध्याभोवती हातभर गोल मी मशीनने कापतच नाही, तिथे विळा. यंदा एकाही झाडाची साल गेली नाही. एकाही.

हंगाम संपल्यावर नवीन मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा मी पुन्हा तुमच्याकडे आले, तुम्ही मशीन विकत नाही हे माहीत असूनही. तुम्ही किंमत शेवटी काढलीत. आधी विचारलंत, एका दिवशी किती तास चालवता, सलग किती वेळ उभं राहवतं, वावरात जाड काड्या आहेत की नुसतं गवत. नुसतं गवत आणि तरोटा असेल तर ५२ सीसी कशाला, म्हणालात. मग चार स्ट्रोकचं सुचवलंत, होंडाचं जीएक्स ३५, ३५.८ सीसी. त्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं नाही, तेल वेगळं, १०० मिली. पहिलं दहा तासांनी बदलायचं, पुढे पन्नास तासांनी किंवा सहा महिन्यांनी. "मिसळायची भानगड नाही म्हणून सोपं आहे, पन तेल पाहाचं विसरले तर इंजिन जाते," हेही त्याच दमात सांगितलंत. आणि एक गोष्ट मी मैत्रिणींना आता रोज सांगते: दुकानात जाऊन आधी मशीन बघायचं नाही, आधी विचारायचं की याचा स्टार्टर, प्लग, हेड, फिल्टर आज या काउंटरवर आहे का. "येईल", "मागवून देऊ" असं उत्तर आलं की बाहेर पडायचं.

नव्या मशीनला मी जुनाच पट्टा लावला आहे. दुकानातल्या मुलाने त्यांचा चकचकीत पट्टा दाखवला, मी नको म्हटलं. तुमच्या लाल दोऱ्याचे अठरा टाके आहेत, मी मोजले. एकही सैल झालेला नाही.

तुमच्यासारखी माणसं भेटली की मी दिवसभर आसपास बघत राहते. एसटीत ते लांब मशीन बघून कपाळाला आठ्या न घालता "ताई, मागच्या सीटखाली आडवं टाका" म्हणणारा कंडक्टर. मागे डॉक्टरांच्या खोलीत ह्यांच्या कमरेचा फोटो उजेडाकडे धरून मला प्रत्येक मणका दाखवणारी ती तरुण डॉक्टर. तिनेही साहेबांशी नाही, माझ्याशी बोलून घेतलं होतं, कारण घरी उचल-बस मीच करणार होते. तिचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले. तुमचे राहू नयेत म्हणून हे लिहिलं.

शनिवारी येते आहे. दोरी संपत आली आहे, २.४ मिलिमीटरचीच ठेवा. शेजारच्या वावरातल्या वहिनींना सोबत आणते. त्यांच्या मालकांनी मशीन घेऊन दिलंय, पण दोन दिवस चालवून त्यांनी ते गोठ्यात ठेवलं, खांदा भरून येतो म्हणतात. त्या माझ्यापेक्षा चार बोटं बुटक्या आहेत. लाल दोरा काढून ठेवा.

तुमची,
काटोल रोडची ताई