नऊ नावांपुढची टिपणे

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

आमच्या वाचनालयाचा संगणक पूर्ववत होऊन आज बारा दिवस झाले, तरी तुम्ही पाठवलेली ती फाइल उघडली की अजून गळा दाटून येतो, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

त्या दुपारी आम्ही जुनी इतिवृत्ते वाचून घेण्यासाठी टेसरॅक्ट हे चित्रातला मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर बसवले आणि लगेचच वीज गेली. परत आल्यावर वाचनालयाचा कारभार सांभाळणारे कोहा हे सॉफ्टवेअर चालत होते, पुस्तकांची देवघेवही होत होती. पण आमच्या संगणकावरच्या डेबियन या लिनक्स प्रणालीत डीपीकेजी हे साधन ज्या साध्या मजकुराच्या फाइलीत बसवलेल्या पॅकेजेसची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या संचांची, नोंद ठेवते, ती शून्य बाइटची झाली होती. पुस्तके कपाटात जागच्या जागी आणि दाखल नोंदवही कोरी, अशी ही अवस्था कोणत्याही ग्रंथपालाच्या काळजाचा ठोका चुकवणारी आहे.

ज्यांनी हा संगणक बसवून दिला, ते दोनदा फोन करूनही "फॉरमॅट मारा, नव्याने टाकू" यापलीकडे गेले नाहीत. कोहासोबत पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेची शंभरावर पॅकेजेस येतात, शिवाय चार वर्षांत आम्ही गरजेप्रमाणे काय काय घातले, हे त्यांनी विचारलेही नाही.

तुम्ही मात्र आधी बजावलेत, "आता काही बसवू नका, काही काढू नका." डेबियन त्या नोंदीच्या सात जुन्या प्रती बाजूला ठेवते, हे मला तुमच्यामुळे कळले. त्यांतली सर्वांत ताजी प्रतही कोरी निघाली तेव्हा माझा धीर सुटला होता. तुम्ही शांतपणे तिच्या मागची उघडायला सांगितलीत आणि तिच्यात त्या दुपारपूर्वीची सगळी नावे होती.

त्या दुपारची राहिलेली नऊ नावे तुम्ही लॉगमधून, म्हणजे संगणकाने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदीतून, वेचलीत. तेवढ्यावर थांबला असतात तरी आमचे काम झाले असते. पण प्रत्येक नावापुढे तुम्ही मराठीत लिहिलेत: टेसरॅक्टचा मराठी विदा, "हा तुम्ही मागवला", लेप्टोनिका, "चित्रे हाताळण्यासाठी, टेसरॅक्टच्या गरजेने आपोआप आलेली, काढू नये". मागवलेले कोणते आणि सोबत आलेले कोणते, हे मला समजावे म्हणून एका अनोळखी माणसाने रात्री बसून नऊ ओळी लिहिल्या. समोरच्याला कळेल अशा भाषेत सांगणे हा त्याचा मान राखणेच असते, आणि पैसे घेऊन काम करणाऱ्यांकडून तो मान आम्हाला चार वर्षांत मिळाला नव्हता.

आता दर शनिवारी पॅकेजेसची यादी पेनड्राइव्हवर जाते आणि तिची छापील प्रत दाखल नोंदवहीशेजारी राहते. टेसरॅक्टने काल इतिवृत्ताचे पहिले पान वाचले. चार जोडाक्षरे चुकली आहेत, ती मी हाताने दुरुस्त केली आहेत. ते पान सोबत पाठवत आहे.

आपली कृतज्ञ,
एका तालुक्याच्या वाचनालयाची ग्रंथपाल