सल काढून देणाऱ्या सुतारकाकांना

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेले, तर "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही लगेच दाराच्या बिजागरीची चौकशी सुरू केलीत. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या दुपारी तुम्ही जे केलंत ते आणखी चार घरांत कळावं असं मला मनापासून वाटतं.

मे महिना संपत आला होता. नेरूळच्या आमच्या जुन्या सिडकोच्या घरातलं बाथरूमचं दार दर पावसाळ्यात फुगतं आणि चौकटीत अडकून बसतं. पाऊस सुरू व्हायच्या आत त्याला रंधा मारून घ्यावा म्हणून तुम्हाला बोलावलं होतं. त्याच सकाळी वाशी मार्केटातून हापूसची शेवटची पाच डझनी पेटी आली होती, लाकडी. मी स्वयंपाकघरात होते तेवढ्यात माझ्या लेकीनं, चिऊनं, पेंढ्यात हात घातला, बाहेर काढताना तो फळीच्या कडेला घासला आणि अंगठ्याखालच्या उंचवट्यात लाकडाचा तुकडा शिरला. तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब. कातडीखाली काळपट रेघ दिसत होती आणि टोक पूर्ण आत गेलेलं.

पुढचा तासभर मी काय काय केलं ते तुम्ही दारामागून ऐकतच होतात. आधी दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं. मग शेजारच्या वहिनींनी सांगितलं म्हणून कोमट मिठाच्या पाण्यात अर्धा तास हात बुडवून ठेवायला लावला. सासूबाई गूळ-हळदीचं पोटीस बांधायला निघाल्या होत्या. चिऊ रडून रडून थकली होती, आणि मी सुई गॅसवर धरली की पुन्हा किंचाळायची.

तेव्हा तुम्ही रंधा खाली ठेवून आत आलात. तुम्ही पहिल्यांदा काय म्हणालात ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "ताई, तुमचं हे दार पावसात का अडकतं? लाकूड पाणी पितं आणि फुगतं. मग पोरीच्या हातातलं लाकूड पाण्यात ठेवून कसं निघेल?"

काका, दहा वर्षं ते दार मी खांद्यानं ढकलून उघडतेय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. फुगलेला तुकडा आत घट्ट बसतो, मऊ पडतो आणि ओढला की मध्येच तुटतो. दाबल्यानंही तेच होतं, किंवा तो आणखी खोल जातो. तुम्ही हे समजावलंत तेव्हा आवाजात जराही रागावणं नव्हतं. "आईला घाई होणारच," एवढंच म्हणालात. मग चिऊला पंख्याखाली बसवून हात पूर्ण कोरडा होऊ दिलात आणि तोवर तिला गवत आणि लाकडातला फरक सांगत बसलात. मी कुसळ, कुसळ करत होते. कुसळ गवताचं, ही सल, असं तुम्ही म्हणालात. तिच्या मनगटापाशी पेंढ्याची बारीक कुसळंही चिकटली होती. ती तुम्ही पिशवीतल्या कागदी टेपनं उचलून काढलीत. टेप अलगद चिकटवायची आणि कुसळ ज्या बाजूनं शिरलं त्याच बाजूला सोलायची. तिला त्याची गंमत वाटली आणि रडणं थांबलं.

मग तुम्ही साबणानं कोपरापर्यंत हात धुतलेत. माझा भुवयांचा प्लकर आणि एक नवी सुई सॅनिटायझरनं पुसून घेतलीत. सासूबाईंचं पंचांग वाचायचं भिंग मागून घेतलंत आणि मोबाइलचा टॉर्च मला वरून न धरता आडवा धरायला लावलात. आडव्या उजेडात सलेची दिशा एकदम स्पष्ट दिसली. ती तिरकी गेली होती, मनगटाकडून बोटांकडे. "ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं परत येणार," तुम्ही म्हणालात. "उभी ओढली तर मोडेल. लाकूड रेषेनं चालतं."

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. तुम्ही चिऊसमोर जमिनीवर मांडी घातलीत आणि तिला म्हणालात, "मी हात लावायच्या आधी सांगणार. तू थांब म्हणालीस की थांबणार." ती दोनदा थांबा म्हणाली. दोन्ही वेळा तुम्ही सुई वाटीत ठेवून दिलीत आणि हात मांडीवर घेऊन बसलात. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच हात पुढे केला. तासभर आम्ही दोघी बायका तो हात धरून ठेवायला झगडत होतो, काका. कोणी विचारलंच नव्हतं तिला.

सुईनं तुम्ही सलेला हातच लावला नाहीत. तिच्यावरची कातडी तेवढी रेघेरेघेनं उघडलीत. तळहाताची वरची कातडी जाड असते, अगदी वरचा थर निर्जीव असतो, त्यामुळे रक्त आलं नाही आणि तिला फारसं दुखलंही नाही. टोक मोकळं झाल्यावर प्लकरनं धरून सावकाश, तिरक्या दिशेनं ओढलंत. निघाल्यावर तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून दोन्ही टोकं पाहिलीत, मोडून काही आत राहिलं का ते. मग जखम साबण-पाण्यानं धुतली, थोडं मलम लावलं, पट्टी बांधली. "आता धुवा हवं तितकं," असं तुम्ही म्हणालात तेव्हा चिऊ हसली.

धनुर्वाताच्या इंजेक्शनची तुम्हीच आठवण करून दिलीत. तिचं लसींचं कार्ड काढून पाहिलं. पाचव्या वर्षीचा बूस्टर झालेला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही आता गरज नाही असं सांगितलं. लाल झालं, ठणकलं, पू दिसला तर लगेच या, एवढं मात्र बजावलं. तसं काही झालं नाही.

जाता जाता तुम्ही सासूबाईंना एक सांगितलंत, ते त्यांनी फार मनावर घेतलंय. त्यांना साखरेचा त्रास आहे. पायात काही गेलं तर घरी कोणाला हात लावू द्यायचा नाही, थेट दवाखाना, कारण पायाला कळतच नाही किती खोल गेलंय. रोज रात्री त्या आता तळपाय बघून झोपतात. चिऊच्या नखाखाली गेली असती, डोळ्याजवळ असती किंवा काच खोल रुतली असती तर मीही हात लावला नसता, असंही तुम्ही म्हणालात. आणि तुमची डावी तर्जनी दाखवलीत, टोकाशी जरा वाकडी. तरुणपणी सागवानाची सल आत राहिली, तुम्ही तसंच काम करत राहिलात, बोट सुजलं. एक्स-रेत काही दिसलं नाही, लाकूड त्यात बहुतेक वेळा दिसत नाहीच. शेवटी सोनोग्राफीत सापडलं आणि चिरून काढावं लागलं. ते बोट चिऊनं किती वेळ हातात धरून पाहिलं, तुम्हाला आठवतंय ना?

पैसे तुम्ही दाराचेच घेतलेत. चार आंबे घ्या म्हटलं तर दोनच उचललेत. आणि मग, मी काही न सांगता, पॉलिश पेपर काढून ती रिकामी पेटी घासायला बसलात, कारण चिऊला ती बाहुल्यांसाठी हवी होती.

दार या पावसाळ्यात एकदाही अडकलेलं नाही. सल चिऊनं चिकटपट्टीनं वहीत लावून ठेवलीय, खाली तारीख आणि "काकांनी काढली" असं लिहून. पेटीत सध्या तीन बाहुल्या आणि एक हत्ती राहतात. तुमच्या हातचं बघायला कधी या. येताना फोन करू नका, नाहीतर पुन्हा बिजागरीचंच बोलाल.

तुमची कृतज्ञ,
चिऊची आई
नेरूळ, नवी मुंबई