बाई, सेकंड साइड्सची जागा दिलीत म्हणून

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आयर्लंडच्या काउंटी क्लेअरमधल्या तुमच्या सेट डान्सच्या, म्हणजे चार जोड्यांनी चौकोनात करायच्या आयरिश लोकनाचाच्या वर्गात नवी जोडी आली की तुम्ही तिला सेकंड साइड्सला, म्हणजे चौकोनाच्या एका बाजूला उभं करता. सगळ्यात आधी आभार त्याचेच.

चार जोड्यांचा चौकोन. वादकांकडे पाठ करून उभे ते फर्स्ट टॉप्स, त्यांच्यासमोर सेकंड टॉप्स. फर्स्ट टॉप्सच्या डाव्या हाताला फर्स्ट साइड्स, उजव्या हाताला सेकंड साइड्स. जिथे एकेक जोडी आळीपाळीने नाचते, तिथे सेकंड साइड्सची पाळी शेवटची. तीच फिगर (नाचाचा एक भाग) तीनदा डोळ्यांसमोरून गेल्यावर मग पाऊल उचलायचं. नवखा माणूस अडखळतो तो पायांमुळे नाही, आता कुठे जायचं हे न कळल्यामुळे. तुम्ही समजावत बसत नाही, बघायला वेळ देता.

‘हाऊस’, म्हणजे जोडीने फिरत चौकोनाला मारायची फेरी, शिकवण्याची तुमची रीतही अशीच साधी. जोडीने स्वतःभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत, चौकोनात मात्र उलट दिशेने फेरी मारून आठ बारांत आपल्या जागी परतायचं. (बार म्हणजे तालाचं छोटं आवर्तन, रील या जलद नाचधुनेत एका बारला पायाने दोनदा ठेका धरतात.) बहुतेकजण पहिल्या दोन बारांत मोठी वळणं घेतात आणि शेवटी धावत घर गाठतात. तुमची खूण अशी: चौथा बार संपताना समोरच्या जोडीपुढे असलंच पाहिजे. नसाल, तर पावलं लहान करा, वेग वाढवू नका. ‘घराला फेरी मारा, पण ड्रेसर सांभाळा’ ही जुनी हाळी तुम्ही देता तेव्हा हा नाच मुळात स्वयंपाकघरातला, हे चटकन कळतं. भिंतीलगत कपबशा लावलेलं कपाट, मध्ये चार जोड्या. मोठं पाऊल टाकायला जागाच नव्हती.

स्विंग, म्हणजे जोडीने एकमेकांना धरून जागच्या जागी गरगर फिरणं, मराठी माणसाला फुगडीसारखा वाटतो, आणि तिथेच चूक होते. फुगडीत पाय जुळवून अंग मागे झोकून देतात. इथे दोघांच्या उजव्या पावलांच्या बाहेरच्या कडा शेजारी येतात, उजवं पाऊल जागीच फिरतं आणि डाव्या पायाने रेटा द्यायचा. आपलं वजन आपणच पेलायचं. मागे झुकलं की सगळा भार जोडीदाराच्या खांद्यांवर येतो. दंड आवळला तर वळ उठतात. चक्कर येत असेल तर भिंतीकडे न बघता जोडीदाराच्या चेहऱ्याकडे बघायचं. आणि रबरी तळाचे बूट घालायचे नाहीत: तळ जमिनीला धरून राहतो, शरीर फिरतं, पीळ गुडघ्याला बसतो. तुम्ही पहिल्याच दिवशी चामड्याच्या तळाचे बूट आणायला सांगता, हे आमच्या गुडघ्यांवर उपकारच आहेत.

खरं ऋण मात्र वेगळंच. नाच आणि वादन तुम्ही कधी वेगळं होऊ दिलं नाहीत. ‘वॉल्स ऑफ लिमरिक’ हा जोडीसमोर जोडी उभी राहून करायचा नाच शिकवताना तुम्ही आधी नुसती रील ऐकवता. आठ बारांचा एक भाग दोनदा, आठ बारांचा दुसरा भाग दोनदा, एकूण बत्तीस. मग त्यावर नाच बसवता: पुढे-मागे दोनदा, आठ बार, बायका जागा बदलतात, चार बार, पुरुष बदलतात, चार बार, समोरच्याबरोबर ‘सेव्हन’ (बाजूला सरकत सात पावलं) आणि दोन ‘थ्री’ (तीन-तीन पावलं) घेत बाहेर जाऊन परत, आठ बार, आपल्या जोडीदाराबरोबर स्विंग, आठ बार. धून संपते तेव्हा जोडी पुढच्या जोडीसमोर उभी असते. हे कानात बसलं की मोजावं लागत नाही. आकडे पुटपुटत नाचणाऱ्याला सूर ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही मोजणं लवकर बंद करायला लावता.

व्हिसलच्या, म्हणजे पत्र्याच्या छोट्या आयरिश बासरीच्या बाबतीतही तेच. सहा भोकांची, डी सुरातली, स्वस्तातली चालेल. किंचाळली की आपण जोरात फुंकतो, ते चूक. बहुतेकदा एखादं भोक पुरतं झाकलेलं नसतं. बोटाचं टोक नव्हे, सपाट गादी ठेवायची आणि खालच्या सुरांना श्वास हलका. दोन-दोन बार ऐकून वाजवायचे, कागद नंतर. सेशनला, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक मैफलीला जाण्याआधी तुम्ही दिलेल्या सूचना आम्ही पाळतो: येत नसलेली धून चाचपडत वाजवू नये, रेकॉर्डिंगआधी विचारावं, एका वेळी एकच बाउरान (हातात धरायचा डफासारखा आयरिश ढोल). दमट हवेत त्याचं बकऱ्याचं कातडं सैल पडतं, हेही तुम्हीच दाखवलंत.

हे सगळं आपोआप टिकलेलं नाही. सेट मूळचे क्वाड्रिल या परदेशी चौकोनी नाचातून आलेले, म्हणून आयरिश भाषा-संस्कृती जपणाऱ्या गेलिक लीग या संस्थेने त्यांना दूर ठेवलं. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला आणि घराघरांतल्या नाचांवरही त्याचा घाला पडला. इलन पाइप्स (कोपराने भाता दाबून वाजवायचं आयरिश वाद्य) वाजवणारे विली क्लॅन्सी १९७३ च्या जानेवारीत गेले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबे या गावी सुरू झालेली उन्हाळी शाळा आजही दर जुलैत भरते. अशा शाळांइतकंच हे टिकलंय ते तुमच्यासारख्यांनी आठवड्याच्या एका संध्याकाळी हॉलचं कुलूप उघडल्यामुळे, असं आम्हांला मनापासून वाटतं.

आपल्या मराठी मंडळींना शिकवताना आम्ही तुमचाच क्रम ठेवतो: आधी ऐकणं, मग साधं ‘एक-दोन-तीन’ पाऊल, मग हाऊस, मग स्विंग. बॅटरिंग, म्हणजे जमिनीवर पायांनी ताल वाजवणं, सगळ्यात शेवटी. साधं पाऊल ताल सोडत नाही तोवर टाचेचे ठोके मागणाऱ्याला थांबवतो. आणि नव्या जोडीला सेकंड साइड्सला उभं करतो.

तुमचे,
मराठी विद्यार्थी