अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावरची तारीख

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून उजाडला की आपल्या अंकात प्रवेशाच्या याद्या, कटऑफ, पावसात छत्र्या धरून उभे असलेले पालक असं सगळं येतं. त्या मुलांना वर्षभर शिकवायचं काय, ते ठरलं आहे का, याची बातमी मात्र मला क्वचितच दिसली. मी प्राध्यापक नाही. नौपाड्यात माझं कॉलेजच्या पुस्तकांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. अभ्यासक्रम मंजूर झाला की लटकला, हे मला गल्ल्यावर बसल्या बसल्या कळतं.

गेल्या पावसाळ्यात कळव्याची एक मुलगी आली, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाची. ओल्या ओढणीने मोबाइल पुसून तिने पीडीएफ पुढे केली. ‘काका, ह्याचं पुस्तक द्या.’ अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पानावर विद्या परिषदेच्या, म्हणजे विद्यापीठात अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या मंडळाच्या, सभेची तारीख आणि विषय क्रमांक छापलेला असतो. औषधाच्या पट्टीवर आपण एक्सपायरी बघतो, तसा मी आधी तो मजकूर बघतो. ती तारीख तिची लेक्चर्स सुरू झाल्यानंतरची होती. मी विचारलं, ‘मग इतके दिवस वर्गात काय चाललंय?’ म्हणाली, ‘सर म्हणाले, सध्या जुनंच धरून चला, नवीन आलं की बघू.’ पुस्तक कुठून असणार? लेखकाने लिहायचं कधी, प्रकाशकाने छापायचं कधी! जुनं पुस्तक मी तिला देऊ शकलो असतो, चाळीसेक प्रती पडून होत्या. पण निम्मे धडे उडालेले मला दिसत होते. शेवटी दोनशे पानी वही घेऊन गेली.

कागदावर ही वाट सरळ आहे. विषयाचं अभ्यास मंडळ मसुदा करतं, तो विद्याशाखेकडे जातो, तिथून विद्या परिषदेपुढे येतो. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम १ मार्च २०१७ पासून लागू आहे, त्यात हे सगळं लिहिलेलं आहे. सभा लांबलीच, तर तातडीची बाब म्हणून कुलगुरू स्वतःच्या अधिकारात निर्णय घेऊन तो मागाहून परिषदेपुढे ठेवू शकतात. म्हणजे घाईच्या वेळची सोयही कायद्यानेच करून ठेवली आहे. माझे एक जुने गिऱ्हाईक अभ्यास मंडळावर आहेत. त्यांना दरवर्षी विचारतो, ‘सर, यंदा तरी वेळेवर?’ ते चष्मा पुसतात आणि म्हणतात, ‘आमच्या टेबलावरून केव्हाच गेलाय हो. पुढचं मला विचारू नका.’ पुढच्या टेबलावर विचारलं तर तिथलं उत्तर वेगळं नसेल.

बदलाला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. अभ्यासक्रम बदलला की आमचा धंदा चालतो, खोटं कशाला बोलू! जीएसटी आला तेव्हा कराची पुस्तकं बदलायलाच हवी होती. आक्षेप आहे तो हप्त्याहप्त्याने बदलण्याला. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत पदवीला ते लागू झालं २०२४-२५ पासून, आणि तेही दरवर्षी एक इयत्ता अशा पद्धतीने. त्या वर्षी ज्याने प्रथम वर्षाला प्रवेश घेतला, त्याने तीन वर्षांच्या पदवीसाठी फी भरली, पण तिसऱ्या वर्षी काय शिकायचं हे त्याला कुणी दाखवलं नाही, कारण तो मसुदा तयारच नव्हता. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची मुभा आहे म्हणतात. पुढे काय आहे हे माहीत नसताना मुलाने थांबायचं की जायचं, हे कशावरून ठरवायचं?

शिवाय या धोरणाने आणलेले विषयांचे गट: मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओई, व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे विषय), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा). एवढी आद्याक्षरं मी रेल्वेच्या फलाटावरही पाहिली नव्हती. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, आणि तो विषय स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा. कल्पना चांगली आहे, कॉमर्सच्या मुलाने थोडं मानसशास्त्र वाचलं तर बिघडत नाही. पण मुलगा येऊन ‘ओईचं पुस्तक’ मागतो. कुठलं ओई, तर त्यालाच ठाऊक नसतं, कारण त्याच्या कॉलेजने यादीतलं काय निवडलंय ते अजून फलकावर लागलेलं नसतं. त्यात ठाण्यातली काही महाविद्यालयं आता स्वायत्त झाली आहेत. पदवी विद्यापीठाची, पण अभ्यास मंडळ त्यांचं स्वतःचं. एकाच विषयाला माझ्याकडे तीन-तीन अभ्यासक्रमांची पुस्तकं लागतात. मुलाला आधी कॉलेज विचारायचं, मग वर्ष, मग पॅटर्न. पुस्तकाचं नाव सगळ्यात शेवटी.

मराठीतून पेपर लिहिणाऱ्या मुलांचं तर बोलायलाच नको. इंग्रजी पुस्तक उशिरा येतं, मराठी त्याच्याही नंतर, कधी सत्र संपता संपता. मुरबाड-शहापूरकडून रोज लोकल गाठून येणारी मुलं असतात त्यांत.

नावांचीही एक गंमत सांगतो. २०१९ मध्ये बीएमएमचं, म्हणजे मास मीडियाच्या पदवीचं, बीएएमएमसी झालं, तेव्हा महिनाभर मी लोकांना समजावत होतो. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, बीबीए, बीसीए, बीएमएस या व्यवस्थापन आणि संगणकाच्या पदव्या आपल्या कक्षेत घेतल्या. राज्याच्या सीईटी सेलने त्यांना प्रवेश परीक्षा (सीईटी) लावली, अर्ज कमी आले म्हणून त्याच वर्षी पुन्हा एक जादा परीक्षाही घेतली. तोवर मुंबई-ठाण्यातल्या अनेक महाविद्यालयांनी बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) करून टाकलं, म्हणजे सीईटी नको नि एआयसीटीईही नको. घोडबंदर रोडहून आलेल्या एका आईने मला विचारलं, ‘पण हे कंपनीत चालेल ना? ह्याच्या मोठ्या भावाचं बीएमएस आहे.’ प्रश्न पुस्तकाच्या दुकानात विचारायचा नव्हता हे तिलाही कळत होतं. जिथे विचारायचा तिथे खिडकी बंद होती.

माझी मागणी एकच आहे, आणि ती कायद्याच्याच पुस्तकातून उचललेली आहे. नवं महाविद्यालय किंवा नवा कोर्स सुरू करायचा असेल, तर याच अधिनियमात तारखांची साखळी दिलेली आहे: संस्थेचा अर्ज, विद्यापीठाची शिफारस, सरकारचं इरादापत्र, मग अंतिम मान्यता. मान्यतेची मुदत टळली, तर त्या वर्षी वर्ग सुरू करता येत नाहीत, पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. संस्थाचालकाला लावलेलं हे घड्याळ विद्यापीठाने अभ्यासक्रमाच्या बदलाला लावून घ्यावं. ३१ मार्चपर्यंत विद्या परिषदेची मोहोर उठून पीडीएफ संकेतस्थळावर आली, तर येत्या जूनपासून लागू. एक दिवस जरी उशीर झाला, तर त्याच्या पुढच्या जूनपासून. आणि पदवी तीन वर्षांची असेल, तर तिन्ही वर्षांचा आराखडा एकदम मंजूर करा. तपशील नंतर भरा हवं तर, पण विषयांची नावं तरी प्रवेशाच्या दिवशी मुलासमोर असू द्या. यात प्रकाशकाचा आणि माझा फायदा आहे, तो मी लपवत नाही. चाळीस प्रती रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवताना काय वाटतं, ते ज्याच्या त्याला कळतं.

जुन्या पुस्तकांपैकी दहा-बारा प्रती मात्र मी मागच्या रॅकवर ठेवतोच, केटीवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचे मागचे विषय राहिलेत त्यांच्यासाठी. पॅटर्न बदलला तरी त्यांना जुन्याच पेपरात पास व्हायचं असतं. गेल्या आठवड्यात ऐरोलीहून एक जण आला, तिशीचा, हातात हेल्मेट. दुकानातली पोरं जाईपर्यंत बाजूला उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, ‘जुन्या पॅटर्नचं कॉस्टिंग असेल का?’ होतं, शेवटची प्रत. पैसे देताना त्याने विचारलं, ‘ही परीक्षा अजून किती वेळा घेणार आहेत, काही कळलंय का?’ मी त्याला परीक्षा विभागात चौकशी करायला सांगितलं. म्हणाला, ‘तिथूनच आलोय.’

आपला नियमित वाचक,
एक पुस्तकविक्रेता,
नौपाडा, ठाणे (प.)