चरबी नुसती साठत नाही

ऑक्टोबर आला की स्तनकर्करोगाची गुलाबी पोस्टर लागतात. तपासणी करा, एवढेच त्यांवर असते. वजनाचा उल्लेख क्वचितच. पाळी गेल्यावर बीजकोशांचे इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक (हार्मोन), जवळजवळ थांबते. मग ते बनते मुख्यतः चरबीत, अ‍ॅरोमाटेज या विकरामुळे (एन्झाइममुळे). चरबी जास्त तर इस्ट्रोजेन जास्त, आणि स्तनाच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही जास्त. पोटाचा घेर वाढला की इन्सुलिनही चढे राहते; तेही पेशींच्या वाढीला खतपाणी घालते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये लठ्ठपणाशी निगडित १३ कर्करोग सांगितले होते. (बारीक माणसाला होत नाही असे नव्हे. आणि आजारी बाईला ‘वजन सांभाळायला हवं होतंस’ असे ऐकवणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.)

व्यायामाने काटा फारसा हलला नाही तरी इन्सुलिन उतरते. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चाला, म्हणतात. चालायचे कुठे? डबे, धुणीभांडी उरकून मी दहाला पोचते, तर घराजवळच्या बागेला कुलूप. पदपथावर दुचाक्या, वडापावची गाडी आणि उखडलेले ब्लॉक. गेल्या पावसाळ्यात तिथेच पाय मुरगळला, सहा आठवडे चालणेच बंद! बाग दुपारी बारापर्यंत उघडी ठेवायला असा खर्च तो किती येणार?

– एक वाचक, कोथरूड, पुणे