न विचारता लावलेला सर्व्हिस चार्ज

संपादक महोदय,

पुण्याच्या मध्यवस्तीत, डेक्कनपासून लक्ष्मी रस्त्यापर्यंतच्या पट्ट्यात, गेल्या काही वर्षांत कुटुंबासह निवांत बसून जेवता येईल अशी अनेक उपाहारगृहे सुरू झाली आहेत आणि त्यांतील बऱ्याच ठिकाणी अन्न उत्तम मिळते, हे आधी नमूद केले पाहिजे. माझी तक्रार चवीबद्दल नाही. गिऱ्हाइकाला न विचारता त्याच्या टेबलावर आणि शेवटी त्याच्या बिलात जे आणून ठेवले जाते, त्याबद्दल हे पत्र आहे.

वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही घरची मंडळी नुकतीच अशाच एका उपाहारगृहात गेलो होतो. आम्ही नीट बसण्यापूर्वीच वेटरने पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या आणल्या आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांची झाकणे फिरवून त्या उघडल्या. हॉटेलांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये दिला आहे. म्हणूनच बाटली उघडण्यापूर्वी ‘साधे पाणी देऊ की बाटली?’ एवढे विचारणे अधिक आवश्यक ठरते. मेन्यू कार्ड मागितले, तर टेबलाच्या कोपऱ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड दाखवण्यात आला. वडील साधा फोन वापरतात. मेन्यू कार्ड हातात घेऊन, किमतींसह वरपासून खालपर्यंत वाचून मगच पदार्थ ठरवायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय आहे. माझ्या फोनवरची बारीक अक्षरे थोडा वेळ वर-खाली सरकवून पाहिल्यावर त्यांनी फोन परत दिला आणि ‘तुम्हीच काहीतरी मागवा’ असे म्हणाले. ज्यांच्यासाठी आम्ही गेलो होतो, त्यांनाच स्वतःच्या पसंतीचा पदार्थ निवडता आला नाही, याचे मला फार वाईट वाटले. छापील कार्डाच्या चार प्रती काउंटरवर ठेवण्याचा खर्च तो कितीसा असणार? जेवण मात्र खरोखर सुरेख होते. तव्यावरून थेट पानात आलेली ज्वारीची भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि तेल सुटलेले भरले वांगे यांची घरी परतल्यावरही वाखाणणी झाली.

बिलात पदार्थांच्या बेरजेखाली 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला होता आणि तो मिळवून झालेल्या रकमेवर पुन्हा 5 टक्के जीएसटी. हिशेबाच्या सोयीसाठी पदार्थांची किंमत 2,000 रुपये धरली, तर नियमाप्रमाणे 2,100 रुपये व्हायला हवेत, ते या पद्धतीने 2,310 होतात. हा आकार काढून टाकावा अशी विनंती केल्यावर वेटर संकोचला, ‘साहेब, ते आमच्या हातात नाही’ म्हणाला आणि त्याने मॅनेजरला बोलावले. ‘सगळीकडेच घेतात,’ असे सांगून मॅनेजरने बरीच चर्चा केली आणि अखेर ती रक्कम वजा केली. पण शेजारच्या टेबलांवरील लोक माना वळवून पाहू लागले होते आणि समारंभाच्या दिवशी वडिलांना अवघडल्यासारखे झाले. याच संकोचापोटी बहुतेक कुटुंबे गप्प राहून पैसे भरतात.

वास्तविक या बाबतीत कायद्याची बाजू स्पष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटीही आकारता येत नाही. तो देणे सर्वस्वी ऐच्छिक आहे. उपाहारगृहांच्या संघटनांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले होते, ते न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी फेटाळले आणि याचिकाकर्त्यांना दंडही केला.

ही रक्कम कर्मचाऱ्यांना वाटली जाते, असे सांगितले जाते. वेटर आणि भटारखान्यातील माणसे यांचे कष्ट मी कमी लेखत नाही आणि त्यांना चांगला पगार मिळालाच पाहिजे. मात्र त्यासाठी पदार्थांच्या किमती वाढवण्याची मालकांना पूर्ण मोकळीक आहे. वाढीव किंमत आधीच वाचता येते आणि परवडत नसेल तर गिऱ्हाईक तो पदार्थ मागवत नाही. उलट बिलातून कापलेली रक्कम वेटरपर्यंत पोहोचते की नाही, हे कळण्याचा कोणताही मार्ग आपल्याकडे नसतो आणि ती भरलेला माणूस वेगळी टीप ठेवत नाही, त्यामुळे नुकसान होते ते मनापासून वाढणाऱ्याचेच. आम्ही त्या दिवशी टीप वेटरच्या हातातच दिली.

पैसे देताना मोबाइल क्रमांकही मागण्यात आला. तो दिल्याशिवाय बिल अडवून ठेवू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्येच बजावले आहे, तरीही क्रमांकाशिवाय आमचे बिल निघायला वेळ लागला.

शहरातील हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना छापील मेन्यू कार्ड आणि पिण्याचे साधे पाणी मागताक्षणी देण्यास सांगावे आणि बिलाच्या संगणकीय नमुन्यातून सर्व्हिस चार्जची ओळ काढून टाकायला लावावी. ग्राहकांनीही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी. ही दोन्ही सोय त्या मार्गदर्शक सूचनांतच दिलेली आहे. गणेशोत्सवात देखावे पाहायला बाहेरगावाहून येणारी असंख्य कुटुंबे याच मध्यवस्तीत जेवतात. त्यांना इथल्या चालीरीती ठाऊक नसतात आणि गर्दीत बिलावरून वाद घालण्याइतका वेळही नसतो, म्हणून जिल्हा प्रशासनाने उत्सवापूर्वीच या भागातील उपाहारगृहांच्या बिलांची तपासणी करावी, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे