प्रकाशक बुडाल्यावर चित्रकथा कोणाची?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातील काही तरुण चित्रकारांनी एकत्र येऊन स्वतःच्या चित्रकथा स्वतःच प्रसिद्ध करायला घेतल्याचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. कथा आणि पात्रे यांचे हक्क निर्मात्याकडेच राहतील, हे त्यांचे धोरण अभिनंदनीय आहे. मात्र मालकीचा प्रश्न एकदा असा मिटवला की पुढचे सारे आपोआप मार्गी लागते, असा त्या लेखाचा सूर होता आणि तो मला पटला नाही. याच धोरणावर उभी राहिलेली, नावारूपाला आलेली आणि अखेर दिवाळखोरीत गेलेली एक्लिप्स ही अमेरिकी प्रकाशनसंस्था या संदर्भात पाहण्यासारखी आहे. निर्मात्याच्या मालकीची खरी परीक्षा प्रकाशक चालू असताना होत नाही, तो बंद पडतो तेव्हा होते, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

या धोरणाची गरज का भासली, हे थोडक्यात सांगतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरना लिहून दिले. त्या पात्रावर प्रकाशक कंपनीने अमाप पैसा मिळवला. दोघा निर्मात्यांना वार्षिक २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि आपले नाव छापले जाण्याचा मान मिळायला १९७५ साल उजाडावे लागले, तेही वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर. पानामागे ठरलेला दर घ्यायचा, चित्र द्यायचे आणि विसरून जायचे, ही तेव्हाची सर्वमान्य रीत होती.

डीन आणि जॅन मुलॅनी या दोन भावांनी १९७७ साली एक्लिप्स स्थापन केली ती या रीतीला पर्याय म्हणून. पुढच्याच वर्षी डॉन मॅकग्रेगर आणि पॉल गुलासी यांचे ‘सेबर’ हे पुस्तक त्यांनी काढले. केवळ कॉमिकच्या खास दुकानांसाठी काढलेल्या पहिल्या ग्राफिक कादंबऱ्यांमध्ये त्याची गणना होते. निर्मात्यांना खपावर स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि स्वतःच्या कामावर हक्क, या दोन्ही गोष्टी एक्लिप्सने दिल्या. स्कॉट मॅक्लाउड यांच्यासारख्या नवख्या चित्रकाराची ‘झॉट!’ ही मालिका १९८४ साली तेथेच सुरू झाली. जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, इंग्रजीत नियमितपणे आणण्याचा खटाटोपही १९८७ साली याच संस्थेने व्हिझ या कंपनीच्या साथीने केला. आज मुंबई-पुण्याच्या दुकानांत मांगाची कपाटेच्या कपाटे भरलेली दिसतात, त्यामुळे त्या काळी हे किती धाडसाचे होते याची कल्पना येत नाही. अमेरिकी सरकारच्या इराण-काँट्रा या शस्त्रविक्री घोटाळ्यावर पत्त्यांसारखी संग्राह्य कार्डे काढण्याचा उद्योगही या मंडळींनी केला होता. त्यांच्या उचापतखोर स्वभावाला तो शोभून दिसत असे.

एवढ्या छोट्या संस्थेला हे जमले, याचे श्रेय विक्रीच्या एका विशिष्ट पद्धतीला द्यावे लागेल. कॉमिकचे विक्रेते फिल स्युलिंग यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुळवलेल्या या व्यवस्थेत कॉमिकची दुकाने आगाऊ मागणी नोंदवत, जास्त सवलत घेत, आणि न खपलेल्या प्रती परत करीत नसत. म्हणजे किती छापायचे हे प्रकाशकाला छपाईपूर्वीच कळे. अप्पा बळवंत चौकात ज्याने परतीच्या बोलीवर पुस्तके ठेवली आहेत आणि वर्षाअखेरीस धूळ खाल्लेले गठ्ठे रिक्षात घालून घरी आणले आहेत, त्याला या व्यवस्थेचा हेवाच वाटेल. पण तिचा दुसरा चेहराही होता. परत न करण्याच्या अटीमुळे सारा धोका दुकानदाराच्या अंगावर जाई, आणि दुकानदार बसले की त्यांच्यावर विसंबलेले छोटे प्रकाशक पाठोपाठ बसत. तीन हजार प्रतींनी सुरू झालेल्या ‘टीनेज म्यूटंट निन्जा टर्टल्स’ला १९८४ साली अनपेक्षित यश मिळाले, तेव्हा कृष्णधवल कॉमिकची लाट आली, सट्टेबाजांनी गठ्ठ्यांनी प्रती उचलल्या आणि दोन-तीन वर्षांत ती लाट ओसरली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच खेळ अधिक मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्यात दुकानेच्या दुकाने बंद पडली.

एक्लिप्सवर मधल्या काळात निसर्गाचाही घाला पडला. १९८६ साली कॅलिफोर्नियातील रशियन नदीला आलेल्या पुरात संस्थेचे कार्यालय आणि जुन्या अंकांचा साठा वाहून गेला. पानशेतचा पूर अनुभवलेल्या पुणेकरांना छापील कागद भिजणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. त्यातूनही संस्था सावरली. पुढे संस्थाचालकांच्या घरातील बेबनाव, आटलेली बाजारपेठ आणि थकलेले स्वामित्वधन हे सगळे एकत्र आले. स्वामित्वधन देण्यासाठी जन्मलेल्या संस्थेवर त्याच पैशांसाठी न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आली. १९९४ साली प्रकाशन थांबले आणि १९९५ साली दिवाळखोरी जाहीर झाली.

माझ्या मते या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा भाग येथून पुढे सुरू होतो. ‘झॉट!’चे हक्क मॅक्लाउड यांच्याकडे निर्विवाद होते, म्हणून ती मालिका दुसऱ्या प्रकाशकांकडे गेली आणि २००८ साली तिचा जाडजूड एकत्रित खंड निघाला. ‘सेबर’चीही विसाव्या वर्षी नवी आवृत्ती दुसरीकडून आली. ‘मिरॅकलमन’ या एक्लिप्सच्या सर्वांत गाजलेल्या मालिकेच्या वाट्याला मात्र याच्या अगदी उलट आले. मूळ पात्र १९५४ साली मिक अँग्लो यांनी ब्रिटनमध्ये ‘मार्व्हलमन’ या नावाने निर्माण केले होते. १९८२ साली लेखक अ‍ॅलन मूर यांनी एका मासिकात त्याचे पुनरुज्जीवन केले, पण मूळ हक्क कोणाकडे आहेत याची पक्की शहानिशा त्या वेळी झाली नाही. पुढे लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांच्यात हक्काचे हिस्से पडले, त्यांतले काही हातोहाती फिरले, आणि मूर यांनी आपला हिस्सा पुढचे लेखक नील गेमन यांच्याकडे सोपवला. १९९३ साली चोविसावा अंक निघाला. पुढचा अंक तयार असूनही छापला गेला नाही.

१९९६ साली टॉड मॅकफार्लेन यांनी एक्लिप्सची मालमत्ता २५ हजार डॉलरना विकत घेतली. हे तेच मॅकफार्लेन, ज्यांनी चार वर्षांपूर्वी मोठ्या कंपनीची चाकरी सोडून सहकाऱ्यांबरोबर इमेज कॉमिक्स ही निर्मात्यांच्या हक्कांची पाठराखण करणारी संस्था काढली होती. मिरॅकलमन आपल्याकडे आला, असा त्यांचा समज होता. तो गेमन यांना मान्य नव्हता. दोघांमधला वाद २००२ साली न्यायालयात उभा राहिला आणि अन्य काही पात्रांच्या सहमालकीबाबत निकाल गेमन यांच्या बाजूने लागला, तरी मिरॅकलमनचा गुंता सुटला नाही. मार्व्हल कंपनीने २००९ साली अँग्लो यांच्याकडून मूळ हक्क घेतले, पुनर्मुद्रण २०१४ साली सुरू झाले आणि अर्धवट राहिलेली कथा पुढे सरकली ती थेट २०२२ साली. मधल्या काळात वाचकांची एक पिढी प्रौढ झाली. यात कोणी खलनायक होता असे मला वाटत नाही. कागद कच्चे होते आणि प्रकाशक ते निस्तरायला हयात नव्हता, एवढे पुरेसे होते.

आपल्याकडची स्थिती काय आहे? छपाईच्या व्यवसायात उमेदीची वर्षे काढल्याने मी एवढे निश्चित सांगू शकतो की, चित्रांच्या बाबतीत करारनामा नावाची वस्तू पेठांमध्ये क्वचितच दृष्टीस पडे. मानधनाच्या पावतीवर ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असा रबरी शिक्का मारलेला असायचा आणि चित्रकार त्याखाली मुकाट्याने सही करायचा. मूळ चित्रे परत मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी समजूत होती. आता शिक्क्याची जागा ईमेलमधल्या दोन ओळींनी घेतली आहे.

वास्तविक आपला १९५७चा स्वामित्वहक्क कायदा निर्मात्याला वाटतो तितका पारखा नाही. त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी झाले पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेशाचा उल्लेख नसेल तर हस्तांतरण भारतापुरतेच मानले जाते. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही तर तो संपुष्टात येतो, मात्र करारात वेगळे काही लिहिले नसेल तरच. आणि छापील करारात नेमके तेच वेगळे लिहिलेले असते. शिवाय सतराव्या कलमानुसार नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, सर्वसाधारणपणे नोकरी देणाराच ठरतो. तेव्हा मित्रामित्रांनी काढलेल्या संस्थेत कोण भागीदार, कोण पगारदार आणि कोण पाहुणा कलावंत, हे पहिल्या अंकाच्या आधी कागदावर यायला हवे.

फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर डिसेंबरात पुणे पुस्तक महोत्सव भरू लागला आहे. त्या निमित्ताने प्रकाशकांच्या संघटनांनी आणि चित्रकारांनी मिळून चित्रकथांसाठी एक नमुना करारनामा साध्या मराठीत तयार करावा, अशी माझी सूचना आहे. त्यात लेखक आणि चित्रकार यांचे हिस्से स्पष्ट असावेत. एकाने आपला हिस्सा तिसऱ्याला देण्यापूर्वी दुसऱ्याची संमती आवश्यक असावी. ठरावीक काळ पुस्तक अनुपलब्ध राहिले, स्वामित्वधन थकले किंवा संस्था बंद पडली, तर हक्क निर्मात्याकडे परत यावेत. आणि मूळ चित्रे, तसेच छपाईसाठी तयार केलेल्या फाइली किती दिवसांत परत करायच्या हेही लिहिलेले असावे. हे शेवटचे कलम बहुतेकांना क्षुल्लक वाटते, पण फाइली बंद पडलेल्या कार्यालयाच्या संगणकात अडकल्या तर हक्क हाती असूनही पुस्तक नव्याने छापता येत नाही.

आपला,
मुद्रण व्यवसायातील एक निवृत्त वाचक,
नारायण पेठ, पुणे